गिळेपर्यंत

शुश्रूषागृहात भरवायचं काम करणाऱ्या मावशींनी बाईंच्या लेकीचं मनगट धरलं आणि चमचा हळूच खाली आणला.

"वरून नको. वरून आला की त्या मान वर करतात, आणि मान वर झाली की घास भलत्या वाटेनं जातो. खालून आणा. काय येतंय ते दिसू दे त्यांना."

लेकीने चमचा पुन्हा वाटीत टेकवला, निम्मा रिकामा केला आणि या वेळी हनुवटीच्या खालून वर आणला. खुर्चीतल्या बाईंनी चमच्याकडे पाहिलं की त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे, ते कळलं नाही. ओठ मात्र उघडले. लेकीने चमचा आत नेला, जिभेवर किंचित टेकवला आणि सरळ बाहेर काढला. लगेच ती दुसरा भरायला गेली, तेव्हा मावशींनी नुसतं बोट वर केलं. दोघी बाईंच्या गळ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग सुरकुत्यांच्या खाली काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं.

"आता," मावशी म्हणाल्या.

शुश्रूषागृहाच्या त्या जेवणघरात सहा टेबलं होती. भिंतीवर घड्याळ नव्हतं, कारण घड्याळ दिसलं की तिथल्या एका आजोबांना ऑफिसला उशीर झाल्याची आठवण व्हायची आणि ते ताटावरून उठायचे. खिडकीतून मागचं आवार दिसे, तिथे दोरीवर चादरी वाळत असत. इथे राहणाऱ्या सगळ्यांचीच आठवण कमीजास्त गेलेली होती. बाईंची सगळ्यांत जास्त.

बाई एक्याऐंशी वर्षांच्या. एकतीस वर्षं त्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन होत्या आणि तिथल्या ऐंशी मुली त्यांना नुसतं बाई म्हणत. इथे दाखल करताना लेकीने हे मावशींना सांगितलं, तेव्हापासून इथेही त्या बाईच झाल्या. गेल्या दीड वर्षात त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. स्वतःच्या हाताने जेवणं त्याआधीच सुटलं होतं. समोर ताट आलं तरी ते ताट आहे हे उमगत नसे. हातात चमचा दिला तर त्या तो पुसत बसत.

लेक बावन्नची. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. तीस वर्षं तिचं काम तोंडांशीच होतं, पण ती तोंडं प्लास्टरची. टेबलावर ओळीने आ वासून पडलेली असत आणि एकही कधी मिटत नसे. जिवंत तोंडात चमचा घालण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिला मूलबाळ नव्हतं.

मागच्या महिन्यात पाणी फुप्फुसात जाऊन बाईंना न्यूमोनिया झाला. ताप उतरला, पण वजन अडतीस किलोवर आलं. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेर पुन्हा बघू. आणखी खाली गेलं तर नाकातून नळी घालायची की नाही ते ठरवावं लागेल. लेकीचा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात वीज केंद्रावर होता. फोनवर दादाचं म्हणणं असं पडलं की तिथल्या बायका घाईघाईत उरकत असणार, घरच्या माणसाच्या हातून आई खाईल. त्याला स्वतःला सुटी मिळण्यासारखी नव्हती. मागच्या खेपेला तो आला होता त्याला आठ महिने झाले होते. तेव्हा बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं आणि तो आणलेला डबा टेबलावर तसाच ठेवून गाडी सुटायच्या दोन तास आधी निघून गेला होता. म्हणून लेकीने तीन आठवड्यांची रजा काढली.

मावशी घाईघाईत काहीच उरकत नसत, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं. शरीर थोराड, गुडघे कामातून गेलेले, तरी भरवायला त्या बुटक्या स्टुलावरच बसत, म्हणजे आपला चेहरा समोरच्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर राहतो. उभ्याने भरवणाऱ्या नव्या मुलींना त्या विचारत, गाडीत पेट्रोल भरतेयस का. त्यांचे नियम थोडे होते आणि त्यांत सूट नव्हती. आधी खुर्ची सरळ, पावलं जमिनीला टेकलेली, हनुवटी जराशी खाली. चमचा अर्धा. गिळल्याशिवाय पुढचा नाही. पाण्यात पूड घालून ते पातळ मधाइतकं दाट करायचं, कारण साधं पाणी फार पळतं. जेवण झालं की बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालाच्या आत काही साठलंय का बघायचं, आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. हे सगळं त्या एखादीला बटण लावायला शिकवावं तशा शिकवत.

पहिला आठवडा बरा गेला. पांढऱ्या वाटीतली पांढरी खीर बाईंना दिसतच नसावी, असं लेकीच्या लक्षात आलं आणि तिने घरून निळी वाटी आणली. स्वयंपाकघरातला रेडिओ जेवणापुरता बंद करायला लावला. एकदा तिने चमचा बाईंच्या मुठीत देऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरला, तर चमचा अर्ध्या वाटेपासून बाईंनीच तोंडाकडे नेला. मावशी दुसऱ्या टेबलावरून म्हणाल्या, जमतंय की तुम्हाला. लेकीला लाजल्यासारखं झालं. त्या आठवड्यात वजन दोनशे ग्रॅमने वाढलं.

दादा रोज संध्याकाळी फोन करायचा आणि आधी आकडा विचारायचा. अठरा चमचे म्हटलं की त्याचा आवाज मोकळा व्हायचा. दहा म्हटलं की तो काय काय करून बघता येईल ते सांगत राहायचा आणि ती ऐकून घ्यायची. मग ती आकडा थोडा वाढवून सांगायला लागली.

दुसऱ्या आठवड्यात बाई लवकर तोंड मिटायला लागल्या. आधी बारा चमच्यांनंतर, मग नवानंतर. ओठांवर चमचा टेकवला तरी ते उघडत नसत. रागाचं किंवा त्रासाचं काही लक्षण नसे, दुकानाचं दार वेळेवर बंद व्हावं तसे ते बंद होत. लेक निळी वाटी धरून बसून राही. कधी पाच मिनिटांनी आणखी दोन चमचे जात, कधी नाही.

अशी वाट बघत बसलेली असताना तिला वसतिगृहाचं जेवणघर आठवे. ती लहानपणी जेवायची नाही. पहिल्या पंगतीच्या टोकाला ती बसायची, ऐंशी मुलींबरोबर, आणि त्या खोलीत तीसुद्धा आईला बाईच म्हणायची, तसा नियम होता. सगळ्यांची ताटं रिकामी झाल्याखेरीज कोणी उठायचं नाही, हाही नियम. तिच्या ताटात उकडलेलं अंडं गार होत पडलेलं असायचं. बाई पंगतीमागून चालत यायच्या, तिच्यामागे थांबायच्या. मग दोन बोटं नाकावर यायची. श्वासासाठी तोंड उघडलं की घास आत. समोरच्या मुली आपापल्या ताटात बघायच्या. सगळं गिळून झालं की बाई रुमालाने तिची हनुवटी पुसायच्या, अगदी हलक्या हाताने, आणि पुढे जायच्या. लॅबमध्ये मधल्या सुट्टीत तिने एकदा हे गंमत म्हणून सांगितलं होतं. सगळ्या हसल्या, तीही हसली. अंडं ती अजून खात नसे.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, वजन करायला दोन दिवस उरलेले असताना, बाईंनी सहाव्या चमच्यानंतर तोंड मिटलं.

लेकीने थांबून पाहिलं. चमच्याचं टोक खालच्या ओठाला लावलं. पाण्याचा घोट देऊन पाहिला, तो हनुवटीवरून खाली आला. ती म्हणाली, एवढा एकच. ती म्हणाली, दादाला काय सांगू मी. मावशी पलीकडे घड्याळवाल्या आजोबांना भरवत होत्या, त्यांची पाठ इकडे होती.

पुढचं लेकीने ठरवून केलं नाही. तिचा डावा हात वर गेला आणि दोन बोटं बाईंच्या नाकावर बसली. कुठे आणि किती दाबायचं, ते त्या बोटांना शिकवावं लागलं नाही. तोंड उघडलं. चमचा भरलेला होता, पूर्ण भरलेला, तो आत गेला.

बाई खोकल्या नाहीत. खोकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे मोठे झाले, हात खुर्चीच्या दांड्यांवरून उचलले गेले आणि घशातून काहीच आवाज येईना. लेकीने मावशींना हाक मारली की नुसती खुर्ची मागे सारली, हे तिला नंतर सांगता आलं नाही. मावशी आल्या. गुडघ्यांचं काही मनावर न घेता त्यांनी बाईंना कमरेतून पुढे वाकवलं, एक हात छातीला लावून धरलं आणि दुसऱ्या तळव्याने दोन खांद्यांच्या मधोमध थापा मारल्या. चौथ्या थापेला खिरीचा गोळा फरशीवर पडला. मग खोकला आला, मग मोठा ओरबाडल्यासारखा श्वास, मग डोळ्यांतून पाणी.

मावशींनी बाईंना सरळ बसवलं. ओठांचा रंग परत येईपर्यंत त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग फरशी पुसायला तिथल्या एका नव्या मुलीला सांगितलं आणि तक्त्यात लिहिलं: जेवताना घास अडकला, काढला, दोन दिवस ताप बघावा. लिहून झाल्यावर त्यांनी पेन तसंच हातात ठेवलं.

"चमचा केवढा होता?"

"भरलेला," लेक म्हणाली. "आणि मी नाक दाबलं तिचं."

नाक दाबल्याचं मावशींनी तक्त्यात लिहिलं नाही, आधी लिहिलेलं खोडलंही नाही. पेनाला टोपण लावलं.

"उद्या तुम्ही नुसत्या बसा," त्या म्हणाल्या. "वाटी मी धरते."

त्या संध्याकाळी लेकीने दादाला सहा सांगितलं. तो बोलत राहिला. तिने फोन उशीवर ठेवला आणि त्याचं बोलणं संपल्यावर उचलला.

शुक्रवारी ती नुसती बसली. बाईंना ताप नव्हता. मावशींनी आधी बाईंचा हात हातात घेतला, मग वाटी दाखवली, मग चमचा. बाईंनी पाच चमचे घेतले. पाचव्यानंतर ओठ मिटले. मावशी थांबल्या, पुन्हा एकदा चमचा ओठांजवळ नेला, तोंड बाजूला वळलं, आणि त्यांनी वाटी खाली ठेवली. बाईंचे ओठ पुसले. एवढंच.

लेकीने विचारलं, झालं?

"त्या झालं म्हणाल्या ना."

"दीड वर्षात एक शब्द बोललेली नाही ती."

मावशी वाटीवर झाकण ठेवत होत्या. "रोज बोलतात," त्या म्हणाल्या. "सगळेच बोलतात इथले. आपलं लक्ष वाटीत असतं."

मग त्यांनी सांगितलं की इथे कामाला लागायच्या आधी, घरी त्यांच्या सासूबाई असंच तोंड मिटायच्या आणि त्यांनी चार महिने सासूबाईंना धरून भरवलं होतं, घरातल्या सगळ्यांनी शाबासकी दिली होती. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि लेकीने विचारलं नाही. दोघी अर्धा तास बाईंच्या दोन बाजूंना बसल्या. खिडकीबाहेर कोणीतरी चादरी काढत होतं.

शनिवारी वजन सदतीस किलो शंभर भरलं.

डॉक्टरांची खोली लहान होती. टेबलाच्या एका बाजूला लेक बसली, मध्ये तिचा फोन स्पीकर लावून ठेवला, त्यात दादा. त्याच्यामागे यंत्रांची घरघर येत होती. डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत. नळीने पोटात अन्न जाईल, ते म्हणाले. पण लाळ आणि पोटातून वर आलेलं अन्न छातीत जायचं ते जातंच, न्यूमोनिया त्याने टळत नाही. या अवस्थेतली माणसं नळी ओढून काढतात, मग हात बांधून ठेवावे लागतात. आयुष्य वाढतं असंही दिसून आलेलं नाही. दुसरा मार्ग म्हणजे आत्ता चाललंय तसंच हाताने, जपून, त्या घेतील तेवढं भरवायचं. ते पुरणार नाही, हे धरून चालायचं. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या आणि कागद लेकीपुढे ठेवला.

दादा म्हणाला, म्हणजे उपाशी मारायची. डॉक्टर म्हणाले, भूक असते तेव्हा त्या तोंड उघडतात, तेव्हा भरवायचंच आहे. दादा म्हणाला, हे सांगायला ठीक आहे. आईने जन्मात कुणाला ताटावरून अर्धपोटी उठू दिलं नाही आणि आपण तिला पाच चमच्यांवर ठेवायचं. त्याने नळी घालायला सांगितली. दोन वेळा सांगितली. मग तो वेगळ्याच आवाजात बोलला.

"तुला असंच जगवलं तिनं."

लेकीने फोनकडे पाहिलं.

तुला माहीत नाही, तो म्हणाला. तू पाच वर्षांची होतीस. गोवर झाला, त्यातून उठलीस ती खायचीच बंद झालीस. अकरा किलो वजन होतं तुझं. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, घरी घेऊन जा, आशा धरू नका. मी दाराआड होतो, मी ऐकलं. त्या दिवसापासून वर्षभर तिने तुला धरून भरवलं. आधी घरी, मग जेवणघरात, सगळ्यांच्या देखत, कारण तिथे तू जरा कमी रडायचीस. तू ओकलीस की ती पुसून परत भरवायची. मग मोरीत जाऊन दार लावून घ्यायची.

"घरी पाय मी धरायचो तुझे," दादा म्हणाला. "आठवत नाही तुला?"

लेकीला नाकावरची बोटं आठवत होती. हनुवटीवरचा रुमाल आठवत होता. पाय कोणी धरल्याचं आठवत नव्हतं. गोवराचंही नाही. तिने टेबलाखाली एक पाऊल दुसऱ्यावर ठेवलं आणि तशीच बसली. डॉक्टर हातातल्या पेनाकडे बघत होते. फोनमधली घरघर थोडी वाढून पुन्हा खाली आली. दादाने विचारलं, ऐकतेयस ना.

"ऐकतेय."

"मग?"

तिने फोन जवळ ओढला.

"तेव्हा मला मोठं व्हायचं होतं, दादा," ती म्हणाली. "आईला आता काय व्हायचंय?"

डॉक्टरांनी पेन पुढे केलं. लेकीने कागद वाचला, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि नळी नको असं जिथे लिहिलं होतं त्याखाली सही केली. भावाची संमती असल्याचा रकाना तिने मोकळा ठेवला. डॉक्टर म्हणाले, राहू दे, त्यांचं नंतर घेता येईल, आणि जरा बाहेर जाऊन येतो म्हणून उठले.

ते गेल्यावर दादाने तिला स्पीकर बंद करायला सांगितलं. तिने फोन कानाला लावला. त्याच्याकडे एक दार बंद झालं आणि घरघर थांबली.

"मी आलो तर माझ्या हातून खाईल ती?"

"सांगता येत नाही."

"आणि तोंड उघडलंच नाही तर?"

"तर थोडं थांबायचं. मग वाटी खाली ठेवायची."

"आणि मग?"

"मग अर्धा तास शेजारी बसायचं."

त्याने दुपारचं जेवण किती वाजता असतं ते विचारलं.